पायाला कुणी विचारलेच नाही

मी एक जुना हाय-हॅट स्टँड आहे. मित्रांनो, ड्रमसेटच्या डाव्या बाजूला एका दांड्यावर दोन झांजा दिसतात ना, त्या पेलणारा तो मी. पायाने पेडल दाबले की वरची झांज खालचीवर टेकते आणि ‘चिक्’ वाजते. सगळा ठेका त्यावर चालतो, पण टाळ्या मिळतात त्या ड्रमला!

माझे वादक दुकानात आले, तेव्हा त्यांनी आधी डावा बूट काढला. त्या पायाचा घोटा पूर्वी मोडलेला होता. एकेका पेडलवर पाय ठेवून ते डोळे मिटत. दुकानदार म्हणाला, “अहो, हा काडीपैलवान कशाला? तो भक्कम घ्या.”

“मला त्याच्यावर चढायचं नाहीये, पाय ठेवायचाय,” ते म्हणाले. माझी स्प्रिंग हलकी होती, म्हणून त्यांनी मला निवडले. पुढे वीस वर्षे आम्ही दोघांनी समारंभ गाजवले.

मग त्यांच्या लेकीला नोकरी लागली. माझा गंज पाहून तिने बाबांच्या वाढदिवसाला नवा, जाडजूड स्टँड आणला. स्प्रिंग पार सैल केली तरी तो पायाला जडच. बाबांनी दोनदा पेडल दाबले आणि म्हणाले, “वा! झकास!” त्यांचा थरथरणारा घोटा मी कपाटाआडून पाहत होतो. खरे सांगतो, मला आसुरी आनंद झाला. म्हटले, आता कळेल माझी किंमत! त्याची मला आज लाज वाटते.

कारण बाबा हळूहळू वाजवायचेच थांबले. वाद्यवृंदात त्यांच्या जागी दुसरा बसला. लेकीने विचारले की म्हणत, “कंटाळा आला गं.”

वर्षभराने तिने मला भंगारात द्यायला बाहेर ओढले. सहज तिचा पाय पेडलवर पडला आणि ती थबकली. तिने नव्या स्टँडवर पाय ठेवून पाहिला, मग पुन्हा माझ्यावर.

“बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू एवढ्या हौसेनं आणलास. तुझं मन मोडवेना.”

तिने तिथल्या तिथे झांजा माझ्यावर चढवल्या. बाबा स्टुलावर बसले. आठ-दहा ठेके झाले आणि पाय थांबला. सवय सुटलेला घोटा आता उचलेना. “राहू दे गं,” म्हणून ते उठले.

मित्रांनो, कुणासाठी हौसेने काही घ्याल, तर आधी त्याला वापरून पाहू द्या. आणि तुम्हाला मिळालेली वस्तू जड जात असेल, तर तसे त्याच दिवशी सांगा. लेक आता दर रविवारी माझा गंज पुसते, पेडलला तेल घालते. पण त्या दिवसापासून त्यावर पाय पडलेला नाही.