विजूताईचं नवं फोल्डर

“ताई, तू खरंच एवढी हुशार आहेस, की नुसती दाखवतेस?”

पैजच तशी लागली होती. मधल्या सुट्टीत दीक्षा आणि बाकीच्या पोरींनी मोनिकाला बजावलं होतं, विचारलंस तर तुला मानलं. आणि वक्तृत्वात शाळेला ढाल मिळवून दिल्यापासून मोनिका कुणाच्या बापाला घाबरत नव्हती.

विजयश्रीनं लॅपटॉपमधून मान वर काढली आणि खळखळून हसली. “नुसती दाखवते गं. काकांना सांगू नको.”

झालं! आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

विजयश्री म्हणजे मोनिकाची लातूरची चुलत बहीण. डिप्लोमा करून चाकणला नोकरी शोधायला आली आणि चिखलीत काकांकडेच राहिली. नोकरी मिळेपर्यंत काकांना मदत. काका, म्हणजे मोनिकाचे पप्पा रणजीतराव, चार लेथच्या वर्कशॉपचे मालक. निघोज्याच्या एका कंपनीला लोखंडी पिना पुरवायचे.

त्या वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरच्या शीट मात्र मोनिकाच्या होत्या. आठवीच्या सुट्टीत खपून तिनं बनवल्या होत्या. एका फाईलीत पिनांची मापं. तिथं माप बदललं की कामगारांच्या मोबाइलवरची मशीनची शीट आणि तपासणीची शीट, दोन्ही आपोआप बदलायच्या. पप्पा दारात येईल त्याला सांगायचे, “आमच्या मोनूनं केलंय!”

विजूताई आली आणि तिनं सगळ्या फाईलींच्या कॉपी काढून नवं फोल्डर थाटलं. नीट नावं, तारखा, रांगोळीसारखे रंग. आठ दिवसांत ‘आमच्या मोनूनं’चं ‘आमच्या विजूनं’ झालं. चहाचा पहिला कपसुद्धा तिला! मोनिका नुसती धुमसायची.

मंगळवारी पोहे खाताना पप्पा म्हणाले, “विजू, कंपनीचं नवं ड्रॉइंग आलंय. पिनेची लांबी बेचाळीस मिलिमीटरची साडेबेचाळीस झाली.”

“आल्या आल्या भरलं की, काका.”

“बघा! सांगायच्या आत!” पप्पांनी आईकडे असं बघितलं, जसं काही विजूताईनं चंद्रावर यान उतरवलं.

शाळेच्या व्हॅनमध्ये मोनिकानं ताईचं फोल्डर उघडलं. खोड काढायलाच उघडलं, उगाच सोज्वळपणा कशाला? आणि खोड सापडली. मापांच्या नव्या फाईलीत साडेबेचाळीस होतं. मशीनच्या शीटमध्ये मात्र बेचाळीस. तपासणीच्या शीटमध्येही बेचाळीसच.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ताईनं शीटच्या कॉपी काढल्या खऱ्या, पण त्या कॉपी अजून मोनिकाच्या जुन्या फाईलीतूनच माप उचलत होत्या. खात्री करायला तिनं जुन्या फाईलीत त्रेचाळीस टाकलं. ताईच्या त्या देखण्या शीटमध्ये त्रेचाळीस! मोनिकानं घाईघाईनं परत बेचाळीस केलं.

तिथंच साडेबेचाळीस टाकलं असतं, तर सगळं सुरळीत झालं असतं. बोट अर्ध्या वाटेवर गेलंही होतं. पण मग कुणाला काय कळणार होतं? विजूताई हुशारची हुशारच राहिली असती. ‘एवढी शहाणी आहे ना, कळेल तिचं तिला,’ म्हणत तिनं मोबाइल दप्तराच्या तळाशी कोंबला.

शुक्रवारी सहाशे पिना कंपनीच्या गेटवरूनच परत आल्या. वर्कशॉपमधले सगळ्यात जुने कारागीर भिवाकाका घरी येऊन म्हणाले, “शीटवर बेचाळीस व्हतं, त्येच कापलं. तपासणीतबी समदं हिरवंगार. मोठी असती तर घासली असती, राव. आखूड पिनेला काय करायचं?” कंपनीच्या साहेबांनी पप्पांना शनिवारी सकाळी बोलावलं होतं. पुन्हा असं झालं तर पिना दुसऱ्याकडे देऊ, असंही सुनावलं होतं.

विजूताईचे डोळे भरून आले. “माझीच चूक हाय, काका. रविवारच्या गाडीनं गावाकडं जाते मी.”

पप्पा मोनिकाकडे वळले. मग म्हणाले, “मोनू, तुझंच बरं होतं गं. आता तूच सांभाळ.”

हेच तर ऐकायचं होतं! मोनिकाला आनंद झाला, चांगला गालातल्या गालात हसण्याइतका झाला. दोन-अडीच तासांनी आतल्या खोलीतून ताईची हाक आली.

“मोनू, जरा ये की. कुठं चुकलं तेच शोधायलेय. मी गेल्यावर तुला ताप नको.”

बॅग अर्धी भरलेली, मांडीवर लॅपटॉप. जाता जाताही ही चांगलीच वागणार! मोनिकाला असा संताप आला की तिनं लॅपटॉप ओढून घेतला, मशीनची शीट उघडली आणि जुन्या फाईलीच्या नावावर बोट ठेवलं. “हे बघ. इथून येतंय.”

ताई बघतच राहिली. “अगं बाई! दोन तास झाले शोधायलेय मी. तुला एवढ्यात कसं कळलं?”

मोनिकानं लॅपटॉप ताईच्या मांडीवर परत ठेवला. ती तडक बाहेर आली. आईपप्पा चहाचे कप तसेच ठेवून बसले होते.

“पप्पा, आई, मला मंगळवारीच कळलं होतं. मुद्दाम नाही सांगितलं. ताईचा राग येत होता. अजून येतोय. पण ती गावाला जाणार नाही. उद्या तुमच्याबरोबर निघोज्याला मी येणार आणि साहेबांना हे मीच सांगणार. शाळा बुडाली तर बुडू दे. माझं ठरलंय. ओरडायचं असेल तर गाडीत ओरडा.”