कुलपातली कुंभारीण

थांबा, मित्रांनो. आधी हात दाखवा पाहू. तार, खिळा, वाकवलेली पिन, काही नाही ना? मग बसा. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. रोस्निदारबाईंच्या भाताच्या कोठारावर माझा जन्म गेला. ज्याचा मी संशय घेतला नाही असा माणूस मला आठवत नाही. काय करणार, माझा धंदाच तो!

डोंगरापलीकडच्या एका तांबटाने मला ओतलं. रोस्निदारबाईंच्या आईने मला बाजारातून आणलं आणि कोठाराच्या उंच दाराला लावलं. आमच्याकडे घर बाईचं, शेत बाईचं आणि किल्लीही बाईच्याच कमरेला. जावई संध्याकाळी येतो आणि पहाटे कामाला जातो. 'जावई म्हणजे बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली,' असं इथे हसत हसत म्हणतात. मी मात्र ते कधी हसण्यावारी नेलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यावर मी डोळा ठेवून असे.

त्यातही माझा सगळ्यात जास्त डोळा कुंभारणींवर. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन येणारी. बसली की पंखांची लांबीत घडी घालते. वर्षानुवर्षं दारावर लटकून मला त्यांच्या जाती कळायला लागल्या. एक जात वाशाला बोराएवढा खुजा घडवते, त्याला बाहेर वळलेला काठसुद्धा काढते. दुसरी चार-पाच खोल्या शेजारी शेजारी बांधते आणि वरून असं लिंपते की वाटावं, कुणी चिखलाचा गोळा फेकून मारला. तिसरी घर बांधतच नाही. बांबूचं टोक, पोखरलेलं लाकूड, खिळ्याचं भोक, मिळेल तिथे शिरते आणि मातीचे पडदे घालून खोल्या पाडते. राणी, कामकरी, पोळं असला गोतावळा यांतल्या एकीलाही नाही. जिचा तिचा संसार एकटीचा.

या कुंभारणीही माझ्यासारख्याच संशयी बरं का. त्यांच्या मागावर एक हिरवीगार चकाकणारी माशी असते. घरधनीण बाहेर गेली की ही आत आपलं अंडं टाकून पसार! म्हणून कुंभारीण परतली की आधी घिरट्या घालून बघते. तेवढ्यापुरती मला ती आवडायची.

एके दिवशी त्या तिसऱ्या जातीतल्या एकीने चक्क माझ्या किल्लीच्या भोकात डोकं घातलं. माझ्या पोटात, किल्लीशिवाय! छताला एका धाग्याने अंडं टांगलं. मग शेतातून हिरव्या अळ्या पकडून आणल्या. डंख मारून लुळ्या केलेल्या, पण जिवंत. त्या भरल्या, मातीने खोली बंद केली, पुढे तशीच दुसरी खोली. शेवटी तोंडावर माती थापून ती उडून गेली. मी ओरडणार तरी कसं? तोंडात मातीचा बोळा!

आता जावयाचं सांगतो. नाव जमरिस, पण लग्न झाल्यावर पुरुषाला नावाने हाक मारायची नाही, उपाधीने मारायची. म्हणून सगळे त्याला सुतान सिनारो म्हणत. तो शिंपी होता. संध्याकाळी आला की शिडी चढून माझ्या कडीत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडायचा. हा माझी इतकी काळजी का घेतो? मला खरंच कळेना.

मग देस्निताच्या, म्हणजे रोस्निदारबाईंच्या लेकीच्या, बाळाचं नदीवरचं पहिलं न्हाण ठरलं. आदल्या दिवशी जेवणावळीचा तांदूळ काढायला बाई शिडी चढल्या. खाली पाहुण्या बायका खोबरं किसत होत्या. बाईंनी किल्ली घातली. जाईना. दाबली, फिरवली, छे! मग त्यांनी मला हुंगलं.

"तेलाचा वास! कुणी हात घातलाय कुलपाला?"

"मीच, आई," जावई खालून म्हणाला. "कडी गंजत होती, थेंब सोडला."

"न विचारता? पाणी कुठेतरी मुरतंय. माझ्या कोठारात काय शोधत होतास, जमरिस?"

किसण्या थांबल्या. चारचौघींत सासूने जावयाला पोरासारखी नावाने हाक मारली होती. आत जाऊन त्याने आपली कात्री घेतली, डोक्यावर टोपी घातली आणि आपल्या आईच्या घरची वाट धरली.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला!" देस्निता रडत म्हणाली. "बापाकडच्या बायका आल्याशिवाय बाळ नदीवर कसं न्यायचं? आता येतील त्या?"

बाईंचे थोरले भाऊ, दातुकमामा, शिडी चढले. "आधी तांदूळ तर काढू," म्हणत त्यांनी माझ्यावर कुऱ्हाडीची बोथट पाठ हाणली. आई गं! माझी कडी निसटली आणि तोंडातली माती त्यांच्या तळव्यावर पडली. मातीत होत्या लुळ्या हिरव्या अळ्या आणि एक इवलीशी पिवळट अळी, कुंभारणीचं पोर.

मामांनी तळवा बाईंसमोर धरला. "रोस, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस गं. आणि चोर तरी कसला? बाळंतीणच ती!"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पानाचा डबा घेतला, मला ओच्यात घातलं आणि एकट्याच निघाल्या.

जावयाची आई दारातच बसली होती. "आमचा मुलगा चोर ना? मग सांभाळा की आपलं कोठार!"

बाईंनी मला पायरीवर ठेवलं. "चोर यात होता, विहीणबाई. माझी जीभ घसरली." मग आत बघून त्या मोठ्याने म्हणाल्या, "सुतान सिनारो, चुकले मी. घरी चला."

आत कात्रीचा आवाज थांबला. तो बाहेर आला, मला उचलून भोकात डोकावला. "आत अजून एक खोली शाबूत आहे. हलवू नका, आई." मग सासूकडे बघून म्हणाला, "उद्या येतो. पण तुमच्या कुलपाला तेल घालणार नाही हं आता!"

विहीणबाईंना हसू फुटलं. त्या बाळाचं अंगडं शोधायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी बाळ वाजतगाजत नदीवर गेलं.

आता कोठारावर नवं कुलूप आहे. फार चकचकीत आहे, मला त्याचा भरवसा वाटत नाही. मी वळचणीला खिळ्यावर उघडंच लटकतो. ती आतली अळी माशी होऊन, माती कुरतडून उडून गेली. तेव्हापासून कुणी ना कुणी कुंभारीण माझ्यात बिऱ्हाड करते. घरात काही हरवलं की रोस्निदारबाई आधी येऊन माझ्या तोंडात बघतात, मग माणसांना विचारतात.

मित्रांनो, तुम्हीही तसंच करा. किल्ली अडली तर आधी भोकात बघा, माणसाचं नाव नंतर घ्या. जा आता. आणि जाताना मला हात लावू नका. आत कुणीतरी झोपलंय.