मखमलाबाद नाक्यावरचं बिऱ्हाड

तिसऱ्यांदा तार तुटली तेव्हा भिकन मिस्त्रींनी नाथाच्या हातून तार गुंडाळायच्या चाकाचा दांडा स्वतःकडे घेतला. तुटलेलं टोक उजेडात धरून पाहिलं आणि बाजूच्या डब्यात टाकलं.

“हात जड आहे रे तुझा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तांब्याची तार आहे ही. ओढली की तुटते, ढिली सोडली की फुगते. पोती उचलणारा हात आहे हा. त्यात तुझा काय दोष?”

नाथाला हे नवं नव्हतं. येवल्याला बापानेही त्याला मागावरून असंच उठवलं होतं. बाप पैठणी विणायचा. तेरा वर्षांच्या नाथाने एका सकाळी सात ठिकाणी रेशीम तोडलं आणि बाप म्हणाला, जा, मार्केटला जा. तेव्हापासून तो कांद्याच्या गोण्या उचलत आला होता. बाप गेल्यावर मालकाने आपला माग परत नेला. थोरला भाऊ मल्हारी, त्याची तीन पोरं, आई, नाथा आणि त्याची बायको झुंबर, एवढ्यांना हमालीवर निघेना. कोणीतरी सांगितलं, एकलहऱ्याला वीज केंद्राचं बांधकाम चाललंय, माणसं घेतात. तेवढ्या शब्दावर नाथा आणि झुंबर एक पत्र्याची पेटी आणि स्टो घेऊन नाशिकला आले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एकलहऱ्याच्या फाटकावरच्या माणसाने नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, कळवू. त्याला आता महिना होत आला होता.

पंचवटीतलं हे मोटारी भरायचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार बसवायचं, दुकान नाथाला रस्त्यात दिसलं, म्हणून तो आत शिरला होता. १९८१ सालचा फेब्रुवारी. द्राक्षं भरात आलेली, आणि वीज कमी दाबाने आली की बागाईतदारांच्या पाण्याच्या मोटारी पटापट जळत. दुकानात जळक्या मोटारींचा ढीग पडला होता आणि मिस्त्रींचा एक कारागीर गावी निघून गेला होता.

“मी बघू का करून?”

दारात पिशवी धरून उभी असलेली झुंबर बोलली. मिस्त्रींनी वर पाहिलं, मग नाथाकडे पाहिलं.

“माझी मंडळी,” नाथा म्हणाला.

“बघू दे की. तुटली तर तुटली. आज तारेचं नशीबच खोटं आहे.”

झुंबरने पदर खोचला. दांड्याला हात लावण्याआधी तिने तार नुसती दोन बोटांतून सोडून पाहिली. माहेरी आणि सासरी मिळून बारा वर्षं तिने रेशमाच्या कांड्या भरल्या होत्या. विणकराच्या धोट्यात बसते ती छोटी गुंडाळी म्हणजे कांडी. ती भरायची बायकांनी. डाव्या हाताने रहाट फिरवायचा आणि उजव्या बोटांतून रेशीम सोडायचं. तिने दांडा फिरवला. आधी सावकाश, मग एका लयीत. ओठ हलत होते, ती वेढे मोजत होती. मध्येच मिस्त्रींनी मुद्दाम विचारलं, “गाव कुठलं तुमचं?” तिने मान हलवली, पण उत्तर दिलं ते वेढे पुरे झाल्यावर.

“येवलं.”

मिस्त्रींनी ते वेटोळं हातात घेऊन फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उद्या आठ वाजता या, बाई.”

नाथाला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी आत काहीतरी टोचलंही. बाहेर आल्यावर दोघं रामकुंडाच्या अंगाने चालत राहिले. झुंबर अर्धं पाऊल मागे होती.

“तुम्ही नाय म्हणलात तर नाय जाणार मी,” ती म्हणाली.

 मखमलाबाद नाक्यावर त्यांनी एक खोली घेतली होती. तिथे पोचल्यावर नाथा जेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. सकाळी मात्र तो तिच्या आधी उठला, नळावरून दोन कळशा आणल्या आणि म्हणाला, “आठला पोचायचं ना? मग निघ.”

पहिल्या आठवड्यात तिची बोटं कापली. तारेपेक्षा मोटारीच्या लोखंडी खाचांनी जास्त कापली. नाथा संध्याकाळी तिच्या बोटांना खोबरेल लावायचा. एकदा लावता लावता म्हणाला, “हात जड हाय ना माझा? दुखलं तर सांग.”

“मिस्त्रींना वाटतो जड,” झुंबर म्हणाली. “मला नाय वाटत.”

तो सकाळी काम शोधायला जाई. कधी नाक्यावर दिवसाची मजुरी मिळे, बहुतेक वेळा नाही. दर सोमवारी एकलहऱ्याला जाऊन यायचा. फाटकावरचा माणूस त्याला आता नावाने ओळखायचा आणि तेच उत्तर द्यायचा. दुपारी रिकामा घरी बसला की खोली अंगावर येई. झुंबर सातला येणार, मग स्टो पेटवणार, मग रांधणार. एक दिवस त्याने भात टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी डाळ. भाकरी मात्र जमेना. शेजारच्या ठमाबाईंनी भिंतीवरून वाकून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, “अरे, पीठ मळ आधी. मळायला कंटाळलास की भाकरी चिरली.” त्या रोज थोडं थोडं सांगत गेल्या. जड हात भाकरीला चालतो, हे त्याचं त्यालाच कळलं.

नळावर पुरुष हसायचे. एकाने विचारलं, “काय वहिनी, झालं का पाणी?” नाथाने कळशी उचलली आणि निघाला. त्या दिवशी भाकऱ्या फार चिरल्या.

गावी कार्ड लिहिलं ते त्याच आठवड्यात. लिहून झाल्यावर त्याने झुंबरला वाचून दाखवलं: आम्ही खुशाल आहोत, खोली चांगली आहे, पाण्याची सोय आहे, आईने तब्येतीला जपावं. मधली एक ओळ त्याने वाचली नाही: मला कंपनीत काम लागले आहे. कार्ड सकाळी झुंबरनेच जाता जाता टपालपेटीत टाकलं. चौथी शिकलेली बाई, आणि कार्डाला कुठे झाकण असतं? पण ती त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. त्यामुळे त्याला ती ओळ जास्तच खुपत राहिली.

पुढच्या वर्षी एकलहऱ्याला खरंच त्याचं नाव निघालं. कोळसा उतरवायच्या कामावर तो लागला आणि बावीस वर्षं टिकला. पण नाशिक म्हटलं की त्याला ती नोकरी आठवत नसे. आठवत असे ती त्या पहिल्याच एप्रिलमधली एक दुपार, आई आली ती.

दार उघडंच होतं. नाथा पाटावर बसून भाकरी थापत होता. दारातला उजेड अडला म्हणून त्याने वर पाहिलं. चंद्रभागा, त्याची आई, हातात कार्ड धरून उभी होती. पत्ता विचारत विचारत एकटी आली होती.

“हीच ना खोली?” ती म्हणाली. मग तिने परात पाहिली, त्याचे पिठाने माखलेले हात पाहिले. “आज सुट्टी हाय का रे कंपनीला?”

तिनेच वाट काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. नाथाने तोंड उघडलंही. मग तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबला, आणि आईकडे न बघता म्हणाला, “सुट्टी नाय, आई. काम नाय मला. कंपनी नाय. खोटं लिहिलं मी.”

चंद्रभागा उंबऱ्यातच बसली.

“मग घर कशावर चाललं?”

“झुंबरच्या कामावर.”

“मी गावभर सांगितलं,” ती म्हणाली. “गिरणीत सांगितलं. तुझ्या मामाला सांगितलं. नाथा कंपनीत लागला म्हणून.” तिचा आवाज चढला नाही, म्हणून त्याला ते सोसवेना. “आता मी कुणाला काय सांगू?”

 त्याने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, ताटलीत भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तिला भूक लागली होती. सकाळच्या गाडीला निघालेली बाई. पहिले दोन घास तिने मान खाली घालून खाल्ले. तिसऱ्या घासाला म्हणाली, “आणखी अर्धी दे.”

जेवण झाल्यावर त्याने झुंबरचा डबा भरला. आई म्हणाली, “मी पण येते.”

दुकानात सासूला पाहताच झुंबर दचकली. तिने कोपराने पदर डोक्यावर ओढला, कारण हात तारांना लावायच्या वार्निशने काळे झाले होते. “उठू नको,” चंद्रभागा म्हणाली. “हातातलं पुरं कर.” ती शेजारी एका रिकाम्या खोक्यावर बसली आणि बघत राहिली. तार तिच्या सुनेच्या बोटांतून सरसर जात होती, वेढ्याला वेढा चिकटून बसत होता.

“कशी करती काम?” तिने मिस्त्रींना विचारलं.

“मावशी, हिच्या हातची एकही मोटार अजून परत आलेली नाही. माझ्या येतात.”

चंद्रभागेने डब्यातली एक तुटकी तार उचलून बोटांतून सोडून पाहिली. मग म्हणाली, “तीस वर्षं मी कांड्या भरल्या. ह्याचा बाप विणायचा. लोक साडी बघायला यायचे, त्याला पान द्यायचे. मी मागं रहाटावर बसलेली असायची.” ती जरा हसली. “कोण बसलंय मागं, हे एकानंबी विचारलं नाय.”

मिस्त्रींनी हातातला हातोडा खाली ठेवला आणि स्वतः उठून चहा सांगायला गेले.

आई चार दिवस राहिली. नाथाला तिने पिठल्याची फोडणी नीट शिकवली आणि झुंबरच्या बोटांना हळद लावायला सांगितली. गावाला काय सांगणार हा विषय तिने काढला नाही. त्यानेही विचारलं नाही. निघायच्या सकाळी स्टँडच्या वाटेवर मात्र तो म्हणाला, “कंपनीतच हाय म्हणून सांग, आई. आज ना उद्या लागेलच कुठंतरी. तुझी मान खाली नको.” तिने ऐकलं न ऐकलंसं केलं.

येवल्याची गाडी लागली होती. तिला खिडकीची जागा मिळाली आणि शेजारी नेमकी त्यांच्याच गल्लीतली सिंधुबाई येऊन बसली. नाशिकला लेकीकडे आली होती. नाथा खिडकीखाली उभा होता. सिंधुबाईने त्याला खालीवर न्याहाळलं.

“चंद्रभागे, तुझा नाथा कंपनीत हाय म्हणं?”

नाथाने मान दुसरीकडे वळवली. समोर एक गाडी मागे घेत होते, तिच्याकडे तो बघत राहिला.

“कंपनीत नाय,” आई म्हणाली. “सून कामाला हाय. मोटारी भरती. मिस्त्रीच्या बरोबरीनं बसती दुकानात.”

“अन् हा?”

“हा घर बघतो.”

“घर बघतो म्हंजे?”

“म्हंजे रांधतो, पाणी भरतो, तिला डबा नेऊन देतो,” चंद्रभागा म्हणाली. “आपण आयुष्यभर बघितलं तसं.”

सिंधुबाईला पुढे काय विचारावं ते सुचलं नाही. कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तेव्हा आईने खिडकीतून हात बाहेर काढला नाही की मागे वळूनही पाहिलं नाही. तिकिटाचे सुटे पैसे पदराच्या गाठीतून सोडत ती ताठ बसली होती.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत नाथा उभा राहिला. मग स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून गेले होते. एकच्या आत डबा पोचायला हवा होता. भाजी अजून घ्यायची होती. तो रविवार कारंजाच्या बाजाराकडे भराभर चालू लागला.