फोकस हलतो

“बाबा, कुत्र्याची शी मायक्रोस्कोपमधून कशी दिसते?”

आरजू आणि प्रियदर्शनी या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की रश्मी हे जेवताना विचारूच शकत नाही. मी विचारलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी भाकर मिळते की नाही अशी शंका आली. बाबांनी मात्र वरणाचा भुरका घेतला.

“मले काय माहीत? मी कधी पाह्यलंच नाही.”

मला वाटलं, मस्करी. माझे बाबा, शेषराव, अकोल्याला जनावरांच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षांपासून अटेंडंट आहेत. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं, की लोक ते पुडीत बांधून आणतात. तो दाणा म्हणजे पोटातल्या चपट्या जंताचा तुकडा. बाबा तो पाण्याच्या थेंबात ठेवतात, दोन काचांमध्ये अलगद दाबतात, मायक्रोस्कोपखाली लावतात आणि मागे सरकतात. आतली अंडी पाहायची ती डॉक्टरांनी.

“सव्वीस वर्षांत एकदाही नाही?”

मग हळूहळू निघालं ते असं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते वाकून पाहायला गेले, तर तेव्हाचे साहेब म्हणाले होते, हात लावू नको, फोकस हलतो. त्या साहेबांची बदली होऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर कुणी नको म्हटलं नाही. पाहा, असंही कुणी म्हटलं नाही.

“पाहावं वाटलं नाही तुम्हाला?”

“वाटते ना माय. रोज वाटते.”

एवढं बोलून ते ताट उचलून मोरीकडे गेले. त्या दिवशी सोमवार होता. शुक्रवारी बाबा निवृत्त होणार होते.

मी दोन दिवस गल्लीतल्या पिंट्याच्या शेपटीमागे फिरले. आरजू म्हणे, एवढी तर त्याची मायही त्याच्या मागं फिरली नसेल. गुरुवारी सकाळी त्याच्या झोपायच्या पोत्यावर दाणा सापडला. शाळेला दांडी मारून, पुडी घेऊन मी थेट लॅबमध्ये. बाबांनी मला पाहिलं, पुडी पाहिली, आणि दुसऱ्या कुणाचीही करावी तशी नोंद केली. कुत्रा पिंट्या, मालक रश्मी.

त्यांनी काच लावली. डॉक्टर मॅडमनी डोळे टेकवले, जरासा फोकस फिरवला आणि म्हणाल्या, आहेत. मी म्हटलं, मलाही दाखवा. त्या हसून उठल्या.

काय सांगू! शेंदूरजनाघाटची संत्री जाळीच्या पिशवीत ठासून भरावीत तशी पिवळसर, गोल गोल अंडी. एकेका पिशवीत पंधरा-वीस.

“आता बाबांना,” मी म्हटलं.

मॅडम चकितच झाल्या. “शेषरावकाका, तुम्ही कधीच पाहिलं नाही? अहो, या ना.”

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि वाकले. खूप वेळ वाकून होते. मॅडमचा फोन वाजून थांबला, तरी ते तसेच.

“दिसलं?” मी विचारलं.

“दिसलं.”

रात्री जेवताना ते आईला सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. “एकच होतं, ललिता. मोठ्ठं. पांढरंफटक. चंद्रावाणी.”

आई कौतुकानं ऐकत होती. माझा घास हातातच राहिला. ते अंडं नव्हतं, ती नुसती खालच्या दिव्याची उजेडाची चकती होती. फोकस मॅडमच्या डोळ्यांना लावलेला होता. बाबांच्या बिनचष्म्याच्या डोळ्यांना तो थोडा फिरवावा लागला असता. आणि त्यांचे हात पाठीमागे होते.

मी त्यांना मनसोक्त बोलू दिलं. मग पाणी प्यायले.

“आई, मी उद्याही शाळेत जाणार नाही. पिंट्याचा दुसरा दाणा शोधते आणि बाबांसोबत जाते. आणि बाबा, उद्या फोकस तुम्ही फिरवायचा, तुमच्या हातानं. हलला तर हलू द्या.”