एका पानात

"असली केस आपल्याकडे पूर्वी झाली होती का?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं आणि फाइलबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अकरा नंबरची."

त्यांनी जीभ चावली, पण बोलून तर बसल्या होत्या. बावीस वर्षं समिती बसली की हा प्रश्न यायचा आणि त्या कपाटाकडे न बघता नंबर सांगायच्या. आज मात्र त्या टेबलाच्या पलीकडे, नातेवाइकांच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि केस होती त्यांच्या अक्काची.

इस्पितळाची ही समिती पाच जणांची. मशीनवरच्या रोग्याचं मशीन चालू ठेवायचं की काढायचं, असले पेच तिच्यापुढे यायचे. पद्धत ठरलेली. जुनी मिळतीजुळती केस काढायची, नवी तिच्याशेजारी ठेवायची, काय सारखं नि काय वेगळं ते बघायचं. सारखं निघालं की निकालही तोच. डॉक्टर आले नि गेले, पण कुठली केस कशासारखी हे फाइलबाईंनाच ठाऊक. त्याचा त्यांना तोराही होता, खोटं कशाला बोला.

आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या आणि अक्का सतराची. अक्काने धाकटीला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, स्वतःचं राहूनच गेलं. पुढे धाकटीचा संसार मोडला तेव्हा एका शब्दाने न विचारता अक्काने तिची खोली झाडून ठेवली होती. तीच अक्का आता मेंदूत रक्तस्राव होऊन एकोणीस दिवस मशीनवर होती.

"केस विंचरताना मी तिच्या मुठीत माझं बोट देते," फाइलबाई म्हणाल्या. "ती दाबते. रोज दाबते."

"ते आपोआप होतं, बाई," समितीतली तरुण डॉक्टरीण हळूच म्हणाली.

"थांबा जरा." मोठे डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी अकरा नंबरची फाइल उघडली. आत एकच पान, त्यात निकाल : मशीन काढावं. "यात तर असलं काहीच नाही. तसं असेल तर ही केस वेगळी धरता येईल. दोन आठवडे थांबून बघू. बाई, तुम्हाला तर सगळं पाठ असतं. तिथे असं काही नव्हतं ना?"

फाइलबाईंनी नुसती मान हलवायची होती. तेवढ्यावर अक्काला दोन आठवडे मिळत होते.

पण अठरा वर्षांपूर्वी याच खुर्चीवर एका शिंप्याची मुलगी बसली होती आणि म्हणाली होती, बाबा माझा अंगठा दाबतात. तेव्हाचे अध्यक्ष मोठे खडूस. टिपण एका पानात बसलंच पाहिजे. टाइप करताना दोन ओळी जास्त झाल्या आणि फाइलबाईंनी नेमक्या त्याच दोन गाळल्या. नंतर मुलगी काही बोलली नाही, म्हणून खाली ठोकून दिलं : नातेवाइकांची हरकत नाही. जिन्यात त्या मुलीने त्यांचा हात धरून विचारलं होतं, "बाई, मी सांगितलं ते लिहिलंत ना?"

"हो, लिहिलं," फाइलबाई म्हणाल्या होत्या.

"होतं," आता त्या म्हणाल्या. "मुलगी सांगत होती. मी गाळलं. पानात बसत नव्हतं."

त्यांना वेड्यासारखं वाटलं होतं, की आता हे लोक म्हणतील, मग तो निकालच चुकला, पुन्हा विचार करू.

"म्हणजे दोन्ही केसेस सारख्याच झाल्या," डॉक्टरीण म्हणाली.

"सारख्याच." मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "त्या निकालावर आपण पुढे नऊ निकाल दिलेत. आता तो चुकला म्हणायचं तर..." त्या नऊ जणांकडे वळून बघायची कोणाचीच तयारी नव्हती.

"बाई, तुमची हरकत आहे का?"

"आहे. लिहून घ्या."

ती लिहून घेतली गेली. गुरुवारी सकाळी मशीन काढलं. फाइलबाईंचं बोट अक्काच्या मुठीत होतं. ती दाबतच होती, मग दाबेनाशी झाली.

दहा दिवसांनी त्या कामावर आल्या. टेबलावर त्रेसष्ट नंबरची नवी फाइल पडून होती.

"मी करते ना, बाई," बदलीवर आलेली मुलगी म्हणाली. "तुम्ही कशाला?"

"माझंच काम आहे ते."

त्यांनी टाइप करायला घेतलं. कोणी काय म्हटलं, कसं म्हटलं, केस विंचरणं, बोट, हरकत. पान संपलं.

"एका पानात बसवायचं असतं ना?" मुलीने विचारलं.

"नाही बसत," फाइलबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा कागद घेतला.

ते झाल्यावर त्यांनी अकरा नंबरची फाइल काढली आणि तिलाही एक कोरा कागद जोडला. शिंप्याच्या मुलीचं नाव काही केल्या आठवेना. अंगठा कुठल्या हाताचा ते मात्र आठवत होतं. उजव्या, असं त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली.