बिनखिळ्यांचे टायर

पिह्लाला लायसन्स मिळालं आणि तिने लगेच जाहीर करून टाकलं, आईची शनिवारची डायलिसिसची फेरी आता टॅक्सी नाही, मी करणार! शहर लांब होतं, रस्ता जंगलातला होता. पण तिचा उत्साह असा की गाडी ढकलत नेली असती.

बर्फातल्या रस्त्यांसाठी हिवाळ्याचे टायर बसवायला ती रेइयोमामाच्या शेडमध्ये गेली. भिंतीला दोन संच टेकवलेले होते, एक रबरात बारीक लोखंडी खिळे बसवलेला, दुसरा बिनखिळ्यांचा. मामाने खिळ्यांच्या टायरवर थाप मारली. "हे ने. खडखडतात, उघड्या डांबरावर खिळे झिजतात, पण ओल्या बर्फात तेच खिळे रुतून पकड धरतात."

"मामा, त्यांचा आवाज म्हणजे डोक्यात सुतार बसवल्यासारखं! येताना आई झोपते. घरी रात्रभर पाय आखडतात तिचे. तेवढीच झोप तिची."

मामाने दुसऱ्या संचाचं रबर अंगठ्याने दाबलं. "बिनखिळ्यांचे मऊ असतात. कडाक्याच्या थंडीत छान धरतात. पण शून्याच्या आसपास पाऊस पडला ना, तर साबणाच्या वडीवर बसशील."

"जानेवारीत पाऊस? तू स्पेनमध्ये राहतोस का रे?"

तिने बिनखिळ्यांचेच बसवून घेतले आणि उणे बावीस अंशांत, मामाला शेजारी बसवून, गोठलेल्या तळ्यावर करकचून ब्रेक मारून दाखवला. गाडी जागीच थांबली. "बघितलंस?"

"थंडीत सगळेच शहाणे असतात," मामा म्हणाला, पण टायर तेच राहू दिले.

पुढचे काही शनिवार झकास गेले. परतताना आई काचेला डोकं टेकून तोंड उघडं ठेवून झोपायची. पिह्ला रेडिओ बंद करायची आणि गाणं मनातल्या मनात म्हणायची.

मग एका शनिवारी सकाळी पारा शून्यावर चढला आणि भुरभुर पाऊस लागला. मामाचा फोन आला. "आज टॅक्सी सांगा."

"हळू जाते रे," पिह्ला म्हणाली.

पुलाकडच्या उतारावर तिने ब्रेकवर जेमतेम पाय ठेवला. गाडीने ऐकलंच नाही. आडवी होत होत ती खड्ड्यातल्या बर्फात जाऊन रुतली. दोघींना खरचटलंही नाही. आईने पहिलं विचारलं, "लागलं का गं तुला?"

सगळीकडेच गाड्या घसरल्या होत्या. मामा ट्रॅक्टर घेऊन पोचला तोवर दवाखान्यातली आईची वेळ टळली होती. सोमवारी या, असं तिथून फोनवर सांगितलं. रविवारी आईचा चेहरा सुजला. संध्याकाळी तिला आडवं होता येईना, श्वासात पाणी वाजायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, रक्त तातडीने शुद्ध केलं, म्हणून ती वाचली.

मंगळवारी दवाखान्यातल्या पलंगावर उशांना टेकून आई म्हणाली, "मी आता इथंच शहरात राहणार. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत भाड्याने खोल्या मिळतात."

"आई, खिळ्यांचे लावते. आजच लावते! मामा..."

"टायरचं नाही गं." आई दम घ्यायला थांबली. "गाडी घसरली तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. रस्त्याकडे नाही. मी शेजारी असले की तू असंच करणार."

पिह्लाने आईचं पांघरूण सारखं केलं.

"माझे लोकरी मोजे आण उद्या," आई डोळे मिटत म्हणाली. "आणि बसने ये."