बाटली बंद ठेवा!

रुग्णवाहिकेतल्या नर्सबाईंचा आवाज असा, की गाडीला वेगळा भोंगा कशाला हवा! "अहो, चालवताय की ढकलताय? हाणा ना जरा!" त्या ड्रायव्हरवर खेकसल्या.

स्ट्रेचरवर खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर होता. शिडीवरून सटकून लोखंडी कठड्यावर पोटावर आदळलेला. बाहेर साधा ओरखडा नाही, पण पोट कडक, अंग गार, चेहरा पांढराफटक. रक्त आतल्या आत चाललं होतं. मनगटाला नाडी लागेना. बाईंनी झटक्यात सुई टोचली, सलाइन भरभर सोडलं. पाव बाटली गेली नि बोटांखाली बारीकशी नाडी लागली. आली एकदाची! बाईंनी नळीची चकती फिरवून सलाइन बंद केलं.

त्याची बायको उसळलीच. "बंद काय करताय? माझ्या सासऱ्यांना चांगल्या दोन बाटल्या लावल्या होत्या!"

"काय झालं होतं त्यांना?"

"जुलाब!"

"अहो, यांचं रक्त जातंय!"

बाई हॉस्पिटलला फोन लावायला वळल्या, तेवढ्यात बायकोने गुपचूप चकती उघडली. वळून बघतात तर सलाइन धो धो! बाईंनी झडप घालून ते बंद केलं. "जीव घ्यायचाय का त्यांचा? आत कुठेतरी रक्त गोठून भोक बुजत असेल. रक्ताचा जोर वाढला तर ते पुन्हा उघडेल! उरलेलं रक्तही पातळ होईल!"

बायकोचं तोंडच उतरलं. ती रडायला लागली. बाईंनी तिची बोटं नवऱ्याच्या मनगटावर दाबली. "बोटांना ठोके, काही लागतंय?"

"लागतंय."

"लागतंय तोवर बाटली बंद. गेलं की ओरडा."

मग काय! "लागतंय! लागतंय!" अख्खा रस्ता तिचा गजर. मध्येच किंचाळली, "गेलं!" बाईंनी चकती थोडी उघडली. "आलं, आलं! करा बंद!" आता हुकूम तीच सोडत होती. बाईंना त्या घाईतही हसू फुटलं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सर्जन बायकोला म्हणाले, "बाई, त्यांचा हात सोडा."

"सोडू कशी? अजून लागतंय!"

नवऱ्याने डोळे किलकिले केले. "अगं, सोड... मनगट मोडशील."

सर्जन ओरडले, "बोलतोय! चला, आत घ्या!"

"आधी घरी या," ती रडत, हसत स्ट्रेचरमागे धावली, "मग बघते तुमच्याकडे!"

आणि तो आला. अकराव्या दिवशी, स्वतःच्या पायांनी जिना चढून.